हाफकीन आणि हुबळीचा हिशेब

माझ्या आजीच्या बोलण्यात काळ मोजण्याची दोन मापे आहेत. एक दुष्काळाचे आणि दुसरे प्लेगचे. तिची आजी प्लेगच्या साली जन्मली, आणि तीही घरात नव्हे, तर गावाबाहेर शेतात घातलेल्या झोपडीत. त्या वेळी जुन्या हुबळीतील माणसे घराला कुलूप लावून रानात राहायला गेली होती. घरात उंदीर मेलेला दिसला की आधी पोरे बाहेर काढायची, मग भांडी, आणि मग म्हाताऱ्यांना, असे ती सांगते. तिने हे पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. पण सांगताना आवाज असा खाली जातो, की पाहिलेच असावे असे वाटते.

३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षांच्या मुलांना कोरोनाची लस देणे सुरू झाले, तेव्हा मी शाळेत होते. कोव्हॅक्सिन घेऊन दुखरा हात सांभाळत घरी आले, तर आजीने विचारले की ही तीच प्लेगची टोचणी का? मी हसले. विज्ञानाच्या पुस्तकात चार धडे वाचलेल्या मुलीला आजीचे अज्ञान पाहून जसे हसू येते, तसेच ते हसू होते. पुढे या विषयावर थोडेफार वाचले, आणि आजीचा प्रश्न माझ्या हसण्यापेक्षा पुष्कळच शहाणा होता असे लक्षात आले. प्लेगची टोचणी ज्याने तयार केली त्या वाल्देमार हाफकीन या शास्त्रज्ञाचे चरित्र मी येथे सांगणार आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींच्या अंगणात शिरते आहे, याची मला जाणीव आहे. परंतु हाफकीन यांची गोष्ट जितकी प्रयोगशाळेची आहे तितकीच ती रोजकीर्द-खतावणीचीही आहे, आणि तेवढ्या आधारावर हे धाडस करीत आहे.

हाफकीन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या बंदराच्या शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांना मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून देणारे आणि त्यासाठी पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे तेच हे मेचनिकोव्ह. शिष्य मात्र नुसता अभ्यासू नव्हता. झारविरोधी चळवळीत पडून त्याने तुरुंग पाहिला. १८८१ साली ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा तो स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत होता. धर्म बदलला असता तर विद्यापीठात बढतीची वाट मोकळी झाली असती. त्याने तो बदलला नाही, आणि वाट बंदच राहिली.

१८८८ साली हाफकीन यांनी देश सोडला. काही काळ जिनिव्हात शिकवले आणि मग ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, साहाय्यक ग्रंथपालाची होती. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतू. (आपल्या ग्रंथालयातील मंडळींकडे मी आता थोड्या जास्त आदराने पाहते.) याच अवस्थेत त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, गेला. आता ही लस जेथे पटकी आहे तेथे नेऊन पाहायची होती. रशियाला त्यांनी विचारले, पण ज्याला नोकरी दिली नव्हती त्याची लस तरी कोण घेणार? अखेर पॅरिसमधील ब्रिटिश वकील लॉर्ड डफरिन यांनी हिंदुस्थानचा मार्ग सुचविला. डफरिन पूर्वी आपल्याकडे व्हाइसरॉय होते.

१८९३ च्या मार्चमध्ये हाफकीन कलकत्त्यास उतरले. पुढील दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना पटकीची लस टोचली. बस्त्यांतून लोक संशयाने पाहत, कधी चिडतही. परक्या देशातून आलेला, इंग्रज नसून इंग्रजांच्या परवानगीने सुई घेऊन फिरणारा हा माणूस कोण, हे त्यांना कळत नसे. बरोबरच्या बंगाली डॉक्टरांनी आधी स्वतः टोचून घ्यायचे आणि मग इतरांनी, अशी रीत पडली. मलेरियाने शरीर पोखरले तेव्हा हाफकीन विश्रांतीसाठी परत गेले. १८९६ मध्ये ते पुन्हा आले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला.

प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसात येतो ही गोष्ट १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी मांडली, आणि सर्वांना ती पटायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे शत्रूचे नाव ठाऊक, पण तो कोणत्या दाराने घरात येतो ते ठाऊक नाही, अशी स्थिती होती. सरकारने माणसांना घराबाहेर काढणे, सामान जाळणे, संशयितांना छावणीत नेणे असे उपाय आरंभिले. त्यातून पुण्यात काय घडले ते आपण इतिहासात शिकलो आहोत. रँडचा वध जून १८९७ मधला. त्याआधी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

मुंबई सरकारने हाफकीन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा दिली. जागा म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तेथे तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली. ती कशी केली हे वाचताना मला फार मौज वाटली, कारण त्यात तूप आहे! मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे आणि रश्शावर तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या तवंगाला धरून जंतू खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुन्याचे खांब लोंबावेत तसे. बाटली हलविली की ते तळाशी पडतात आणि वर नवे लोंबू लागतात. असे काही आठवडे चालू ठेवायचे. मग बाटली सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर तासभर तापवून सगळे जंतू मारून टाकायचे आणि थोडे कार्बोलिक अॅसिड घालायचे. रश्शासाठी त्यांनी मांस वापरले ते बकऱ्याचे. गाईचे किंवा डुकराचे वापरले असते तर हिंदू आणि मुसलमान दोघेही दुरावले असते.

येथे मला आजीचा प्रश्न आठवतो. मेलेला जंतू टोचला की रोग होत नाही. पण शरीर त्याला रोगाचा जंतू म्हणूनच ओळखते, त्याच्याशी लढण्याची सामग्री तयार करते, आणि पुढे खरा जंतू आला तर ती सामग्री कामी येते. हाफकीन यांच्या लसीचे तत्त्व हे, आणि मी घेतलेल्या कोव्हॅक्सिनचेही हेच. फरक इतकाच की तेथे मेलेले जिवाणू होते आणि येथे निष्प्रभ केलेले विषाणू. घरातील मोठ्या माणसांनी घेतलेली कोव्हिशील्ड वेगळ्या जातीची. तिच्यात दुसऱ्याच एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर कोरोनाचा एक तुकडा बनविण्याची माहिती चढविलेली असते. आणि सर्वांत नवी रीत एमआरएनएची. तिच्यात जंतू नाही, जंतूचा तुकडाही नाही, नुसती त्या तुकड्याची लेखी कृती आहे. ती वाचून आपल्या पेशी तो तुकडा स्वतःच तयार करतात. या रीतीचा पाया घालणाऱ्या कारिको आणि वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले, आणि पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने अशी लस तयार करून जून २०२२ मध्ये तिला परवानगी मिळविली. विज्ञान पुढे गेले आहेच. तरी सव्वाशे वर्षांपूर्वीची ती तुपाची बाटली आणि माझ्या दंडात गेलेली सुई यांचे गोत्र एकच आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचली, आणि नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. कडक ताप चढला, ते काम करीत राहिले. पण एका माणसाला ताप येऊन तो बरा झाला, यावरून लस रोग थोपविते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी हिशेब हवा. महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तो हिशेब मांडण्याची पहिली संधी मिळाली. स्वखुशीने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना टोचले, उरलेले त्याहून थोडे अधिक टोचल्याविना राहिले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मेले कोणी नाही. न टोचलेल्यांत बारा आजारी पडले, सहा मेले.

पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावी त्यांनी जे केले ते तर ऑडिटरनेही शिकावे असे आहे. गावात प्लेग आलेला होता. त्यांनी घरोघरी कुटुंबातील माणसे समोर बसविली आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना टोचले, निम्म्यांना सोडले. म्हणजे घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच, फरक फक्त सुईचा. काही आठवड्यांनी ज्या घरांत प्लेग शिरला त्यांची मोजदाद झाली. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी आणि ३ मृत्यू. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी आणि २६ मृत्यू. आकडे दोन ओळींत मावतात, पण हा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वही मिटून बसले होते. कारण त्या २६ पैकी प्रत्येकाच्या घरात, त्याच ओसरीवर, टोचून वाचलेले कोणीतरी होते. आज असा प्रयोग करायचा तर आधी प्रत्येकाची लेखी संमती लागेल आणि नीतितज्ज्ञांची समिती बसेल, आणि ते योग्यच आहे.

आता आपल्या गावाकडे येते. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. हुबळी कापसाची पेठ आणि सदर्न मराठा रेल्वेचे मोठे ठाणे. ज्या रेल्वेने व्यापार आणला तिनेच धान्याच्या पोत्यांतून उंदीरही आणले असणार. १८९८ च्या उन्हाळ्यात हुबळीत प्लेगने कहर मांडला. डॉ. ल्यूमन या लष्करी वैद्याच्या देखरेखीखाली ११ मे ते २७ सप्टेंबर या काळात येथे टोचण्याची मोहीम चालली. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या गावात ती इतकी पसरली, की पावसाळा संपता संपता न टोचलेला माणूस शोधावा लागे अशी पाळी आली. कित्येकांनी दोनदा टोचून घेतले. ल्यूमन यांनी आठवड्यागणिक तीन रकाने ठेवले. दोनदा टोचलेले, एकदा टोचलेले, न टोचलेले, आणि प्रत्येकासमोर मृत्यू. आठवडे सरत गेले तसे न टोचलेल्यांची संख्या आटत गेली, तरी त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण भयंकर वाढत गेले. हाफकीन यांनी १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपल्या कामाचा वृत्तांत ठेवला, त्यात हुबळी होती. धारवाड आणि गदग येथेही टोचणी झाली. आपण ज्या गावात बसून परीक्षेचा निकाल कधी लागणार याची चिंता करतो, त्या गावाचे आकडे एकेकाळी जगभरचे वैद्य तपासत होते.

आणि तपासणाऱ्यांनी चुकाही काढल्या. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने असे दाखविले की टोचलेल्यांची यादी पक्की असली, तरी न टोचलेले नक्की किती याची मोजणी बहुतेक ठिकाणी ढिली आहे. लोक रानात जात, परत येत, दुसऱ्या गावी मरत. भागणारा आकडाच कच्चा असेल तर टक्केवारी पक्की कशी? वाणिज्याच्या विद्यार्थिनीला हा आक्षेप लगेच पटतो. तेरीज जुळली म्हणजे नोंदी खऱ्या असतातच असे नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. तरीही, आकड्यांतील ढिलाई वजा करूनही लस आजार आणि मृत्यू दोन्ही कमी करते, या निष्कर्षावर कमिशन आले. ती पूर्ण संरक्षण देत नाही आणि तिचा प्रभाव फार काळ टिकत नाही, हेही त्यांनी नोंदविले. तेही खरेच होते.

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची मोठी प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकीन तिचे प्रमुख झाले. येथवरचे चरित्र चढत्या कमानीचे आहे. मी हा लेख लिहायला घेतला तो खरे तर यापुढच्या भागासाठी.

पंजाबात प्लेग भडकला आणि लाखो मात्रांची मागणी आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल नावाच्या खेड्यात १०७ लोकांना टोचण्यात आले. हे खेडे आज पाकिस्तानात आहे. लस पाच बाटल्यांतून काढली होती. चार बाटल्यांतून टोचलेल्या लोकांना काहीच झाले नाही. पाचव्या बाटलीतून टोचलेले सर्वच्या सर्व एकोणीस जण धनुर्वाताने मेले. त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता.

आता प्रश्न एकच होता. धनुर्वाताचा जंतू बाटलीत परळला शिरला की मलकोवालला? कमिशन बसले आणि त्याने बोट ठेवले ते परळवर. अधिक वेगाने अधिक लस तयार करण्यासाठी हाफकीन यांनी कार्बोलिक अॅसिड वगळून केवळ उष्णतेने जंतू मारण्याची रीत घेतली होती. हाच दोष धरण्यात आला. हाफकीन यांना पदावरून दूर केले गेले. ते लंडनला गेले, बिनपगारी.

पण चौकशीच्या कागदांतच दुसरी एक नोंद होती. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर धरायला हवा होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचा जंतू तर मातीतच राहतो. शिवाय बाटली परळला भरून चाळीसवर दिवस झाले होते. इतके दिवस तो जंतू आत वाढला असता तर बूच काढताच घाण सुटली असती, आणि टोचणाऱ्या डॉक्टरांना तशी घाण आली नव्हती. म्हणजे व्हाउचर फायलीत लावलेले होते. कोणी ते ताळेबंदाशी ताडून पाहिले नव्हते.

पाच वर्षे गेली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहून हे सर्व मुद्दे मांडले. कित्येकांनी या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील द्रेफ्यूस खटल्याशी केली. द्रेफ्यूसही ज्यू, आणि त्याच्याही बाबतीत पुरावा पाहण्याआधी निकाल ठरला होता. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकीन यांना दोषमुक्त केले आणि हिंदुस्थानात परत बोलाविले.

परत बोलाविले, पण परळ दिले नाही. कलकत्त्याची एक प्रयोगशाळा दिली. नव्या लसी घेऊन पुन्हा लोकांत जाण्याची त्यांची इच्छा होती, तिला वाव मिळाला नाही. काही जण याला न्याय झाला असे लिहितात. मला ते पटत नाही. चुकीची नोंद खोडणे आणि झालेले नुकसान भरून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारने पहिली तेवढी केली. चाळिशीतली ऐन कामाची वर्षे कोणत्या खात्यावर जमा करायची?

त्या काळात लस मात्र थांबली नाही. १८९७ ते १९२५ या अवधीत मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. आज ही लस सर्रास वापरात नाही. प्रतिजैविके आली आणि प्लेग वेळेवर ओळखला तर बरा होऊ लागला. शिवाय फुप्फुसाच्या प्लेगपुढे मेलेल्या जंतूंची ती लस दुबळीच होती. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकीन यांचे नाव देण्यात आले. हाफकीन तेव्हा युरोपात होते. लग्न केलेले नव्हते. उत्तरायुष्यात मन धर्माकडे वळले होते, आणि साठविलेला पैसा त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या धर्मशाळांना शिक्षणासाठी ठेवला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

हा लेख पुरा झाल्यावर मी आजीला वाचून दाखविला. कन्नडमध्ये थोडा समजावूनही सांगितला, कारण आमच्याकडे गंभीर विषय मराठीत सुरू होतो आणि कन्नडमध्ये संपतो. ल्यूमन यांच्या तीन रकान्यांपाशी तिने मला थांबविले. आपली माणसे, म्हणजे त्या झोपडीत बाळंत झालेली बाई आणि तिचा नवरा, यांपैकी कोणत्या रकान्यात होती, असे तिने विचारले. ते मला कसे कळणार? रकान्यांत आकडे आहेत, नावे नाहीत. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की प्लेगच्या टोचणीचे तिला काही ठाऊक नाही, पण तिच्या आजीच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण होते, आणि लहानपणी त्यांवर बोट फिरविल्याशिवाय तिला झोप येत नसे.